टोपी धुवावी की नुसती झटकावी?

सदरा रोज धुवायला पडतो. टोपी मात्र संध्याकाळी खुंटीवर जाते आणि सकाळी पुन्हा डोक्यावर येते. कपाळाचा घाम, केसांचं तेल, रस्त्यावरची धूळ असं सगळं तीच झेलते आणि तिच्याकडे लक्ष जातं ते डाग पडल्यावर किंवा कसर लागल्यावर. मग घरात जो उपाय माहीत असेल तो केला जातो. इथेच घोटाळा होतो, कारण सगळ्या टोप्यांना एकच उपाय चालत नाही. कापूस आणि गवत वनस्पतींपासून येतात, त्यांचा मुख्य घटक सेल्युलोज. लोकर, फर आणि केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन कारखान्यात तयार होतात. एकीला जे मानवतं ते दुसरीचा नाश करू शकतं. म्हणून आधी धागा ओळखायचा आणि मगच पाण्याला हात लावायचा.

धागा ओळखण्याची पद्धत सोपी आहे. आतल्या शिवणीतून एक सुटा धागा काढून, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

गैरसमज : टोपी धुतली की तिचा आकार जातो, म्हणून ती धुवू नये.

वस्तुस्थिती : सुती टोपी धुण्यासाठीच असते. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी गांधी टोपीच्या जन्माची हकिकत नोंदवून ठेवली आहे. गांधीजींनी देशातली निरनिराळी शिरोभूषणं पाहिली. काश्मिरी टोपीची घडी होते, ती हलकी असते, हे त्यांना आवडलं. पण ती लोकरीची, म्हणून त्यांनी सुती कापड निवडलं. रंग पांढरा ठेवला, कारण पांढऱ्यावर घाम दिसतो आणि दिसला की टोपी धुवावीच लागते. म्हणजे स्वच्छता हा त्या टोपीच्या घडणीचाच भाग आहे. शिवाय कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. धुण्याने त्याचं नुकसान होत नाही, घाम मुरत ठेवल्याने होतं. त्वचेतून येणारं तेल हवेशी संयोग पावून पिवळं पडतं आणि जितकं जुनं होईल तितकं चिवट होतं.

गैरसमज : पिवळी पडलेली पांढरी टोपी ब्लीचने शुभ्र होते, उरलंसुरलं काम नीळ करते.

वस्तुस्थिती : बाजारातलं नेहमीचं द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. घामातल्या प्रथिनांशी त्याची गाठ पडली की डाग जाण्याऐवजी अधिक पिवळा होऊ शकतो. ते वारंवार वापरलं तर सुती धागा कमजोर होतो, आणि लोकर किंवा रेशमाला तर ते थेट खातं. नीळ मळ काढत नाही. तिचा निळा रंग पिवळेपणाला झाकतो, त्यामुळे डोळ्यांना कापड पांढरं दिसतं. घामाच्या डागावर आधी कपडे धुण्याचा द्रव साबण चोळून अर्धा तास ठेवावा. डाग तरीही उरला तर सोडियम परकार्बोनेट असलेल्या, म्हणजे ऑक्सिजनवर चालणाऱ्या डागनाशकाच्या गरम पाण्यात टोपी भिजवावी. नीळ लावायचीच असेल तर ती स्वच्छ झालेल्या टोपीला लावावी.

गैरसमज : कडक खळ घालून ठेवलेली टोपी जास्त टिकते.

वस्तुस्थिती : खळ वापरासाठी असते, साठवणीसाठी नव्हे. खळ म्हणजे स्टार्च, आणि बुरशी व कसर यांना तो आयताच खाऊ मिळतो. शिवाय कडक घडी महिनोन्‌महिने एकाच रेषेवर दाबून राहिली की तिथेच कापड चिरतं. ज्या टोप्या पुढच्या समारंभापर्यंत कपाटात राहणार आहेत, त्या खळ धुऊन, पूर्ण सुकवून, सैल घडी करून ठेवाव्यात. घालायच्या आदल्या दिवशी खळ घालावी.

गैरसमज : लोकरीची टोपी आटते ती फक्त गरम पाण्यामुळे.

वस्तुस्थिती : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. त्यामुळे कोमट पाण्यात जोरजोराने चोळलेली कानटोपीही आटते. हिमाचली टोपी असो वा घरी विणलेली कानटोपी, ती गार पाण्यात लोकरीसाठीच्या सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने नुसती दाबून धुवावी. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावं आणि आडवी ठेवून सावलीत सुकवावी. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं पचवणारं एन्झाइम असतं. लोकर स्वतःच प्रथिन असल्याने ते तिलाही सोडत नाही.

फेल्टची हॅट याच खवल्यांच्या गुणावर घडवलेली असते. तिच्यात विणकाम नसतंच. लोकर किंवा सशाची फर वाफ आणि दाबाने एकजीव केलेली असते, म्हणून तिला बुडवून धुणं म्हणजे तिचं घडवणं पुन्हा सुरू करणं. तिला मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडावं. खळगा पडला तर किटलीच्या वाफेवर दुरून धरून बोटांनी आकार द्यावा. पावसात भिजली तर हीटरपासून आणि उन्हापासून लांब, आपोआप सुकू द्यावी. कारखान्यांमध्ये सशाच्या फरवर एके काळी पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया होत असे. त्यामुळे कारागिरांना कंप सुटायचा आणि त्यांचं मन अस्थिर व्हायचं. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये बंद झाला. त्याआधीची परदेशी फर फेल्टची हॅट वारशाने आली असेल तर ती घरात जोरात झाडू नये, हातमोजे घालूनच हाताळावी.

गैरसमज : डांबराच्या गोळ्या टाकल्या की कपाट सुरक्षित.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक समज आहे. लोकर खातो तो उडणारा पतंग नव्हे, तर त्याची अळी. घाम आणि अन्नाचे डाग असलेली लोकर तिला विशेष आवडते, म्हणून मळकी टोपी ठेवून तिच्याभोवती गोळ्या मांडणं मुळातच चुकीचं आहे. या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनच्या वाफेने अळी मरते, पण त्यासाठी हवाबंद डब्यात ती वाफ दाट साचावी लागते. रोज उघडणाऱ्या कपाटात ती साचत नाही. ती बाहेर येते आणि घरातल्या माणसांच्या श्वासात जाते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नॅफ्थलिनला माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांमध्ये टाकलं आहे.

आपल्या घरांमध्ये याहून गंभीर बाब आहे. थोरल्या बाळाची कुंची, टोपरं धाकट्यासाठी जपून ठेवायची आपली रीत आहे, आणि अनेकदा त्यांच्यात या गोळ्या असतात. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता भारतात आढळते आणि तपासणीशिवाय ती कळत नाही. बाळाच्या कपड्यांजवळ डांबराची गोळी कधीही ठेवू नये, मग ती एकच का असेना.

लोकरीची टोपी स्वच्छ करून, पूर्ण सुकवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं हाच खरा बचाव. कडुनिंबाच्या पाल्यावर सगळी भिस्त ठेवू नये. लागलेली कसर त्याने मरत नाही. कसर लागलीच असेल तर टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं.

गैरसमज : पनामा हॅट पनामात बनते आणि ती गुंडाळून ठेवण्यासाठीच असते.

वस्तुस्थिती : ही हॅट इक्वेडोरची. तिथे तोकिया या वनस्पतीच्या पानांच्या तंतूंपासून ती हाताने विणतात. पनामामार्गे तिचा व्यापार झाला आणि कालव्याच्या बांधकामाच्या काळात ती जगभर गाजली, म्हणून हे नाव चिकटलं. २०१२ मध्ये युनेस्कोने या विणकामाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तलम विणीची हॅट गुंडाळता येते खरी, पण त्या घडीवर तंतू हळूहळू तुटतातच. विदर्भातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तर गवताची कोणतीही टोपी ठिसूळ होते. ती डोक्यावरून काढताना वरच्या चिमटीत धरू नये, कडेला धरावी. मळ ओलसर फडक्याने पुसावा.

गैरसमज : पावसाळ्यात टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की बुरशी लागत नाही.

वस्तुस्थिती : कोकण-गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बुरशीला पुरेल त्याहून कितीतरी जास्त असते. दमट दिवशी बांधलेली पिशवी ती ओल आतच कोंडते. गवती आणि चामडी टोप्यांना याचा सगळ्यात आधी फटका बसतो. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सुती कापडात ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की वारा द्यावा. हवाबंद डबा वापरायचा तर टोपी कोरड्या दिवशीच भरावी आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. चामड्याला खोबरेल चोळू नये. त्याने रंग गडद होतो आणि धूळ चिकटते.

गैरसमज : जरीकाम काळं पडलं तर चिंच लावून घासावं.

वस्तुस्थिती : भांड्यांना चालतं ते जरीला चालत नाही. अस्सल जरीत रेशमाभोवती गुंडाळलेल्या चांदीच्या तारेवर सोन्याचा पातळ थर असतो. घासल्याने काळेपणाआधी तो थरच निघतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून जरीचा फेटा मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावा आणि त्यावर अत्तर शिंपडू नये. फेटा निदान सोडवून, कापड पाहून साफ करता येतो. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुणेरी पगडीचं तसं नाही. ती बांधीव असते आणि पाण्याने तिची बांधणी बिघडते. तिची धूळ मऊ ब्रशने काढावी आणि दुरुस्ती पगडी बांधणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावी. ते कसब टिकायचं असेल तर त्याच्याकडे काम गेलंच पाहिजे.

मृग लागण्याआधी एक दिवस घरातल्या सगळ्या टोप्या बाहेर काढाव्यात. पांढऱ्या सुती टोप्या धुऊन उन्हात, बाकीच्या झाडून सावलीत. क्रिकेटची जुनी कॅप धुण्याआधी तिच्या झापेला टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर आत पुठ्ठा असण्याची शक्यता आहे, तेव्हा ती बुडवू नये. प्रत्येकीच्या आतली घामपट्टी तपासावी, कारण डाग आणि कसर दोन्हींची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आणि जिचा धागा ओळखता येत नाही, तिला पाणी लावू नये. मऊ ब्रश आणि कोरडी हवा एवढ्यानेही तिचं आयुष्य वाढतं.