राहू दे, पाच नंबर नको शोधूस

सुरतेतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत संगणकावर सहकाऱ्याचं नाव शोधून पाहा. उधना-लिंबायतकडे खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या यादीत पटेलांच्या जोडीला पाटीलही असायचेच. रोमन लिपीत पी, ए, टी इथवर दोघं एकाच रांगेत. चौथं अक्षर आय पडलं की पटेल गळतात. पण तोवर पहिल्या तीन अक्षरांची मागणी सर्व्हरकडे पोचलेली असते आणि तो एकेक पटेल काढून पाठवत असतो. त्याला आता थांबवायचं कसं?

अशा याद्या बहुधा एलडॅप या प्रोटोकॉलने विचारल्या जातात. टिम हाउज, स्टीव्ह किल आणि वेंगयिक याँग यांनी १९९३ मध्ये तो मांडला. यात प्रत्येक मागणीला क्रमांक असतो, म्हणून एकाच जोडणीवर अनेक शोध एकमेकांत न मिसळता चालतात. आपला तीन अक्षरांचा शोध समजा पाच क्रमांकाचा. तो नको असेल, तर ‘अबँडन’चा सगळा निरोप केवळ आठ बाइट्सचा! षोडशमान पद्धतीत तो असा दिसतो: ३० ०६ ०२ ०१ ०६ ५० ०१ ०५. पहिले दोन म्हणजे पाकीट आणि त्याची लांबी. पुढचे तीन सांगतात, या निरोपाचा स्वतःचा क्रमांक सहा. ५० म्हणजे ‘सोडून दे’, आणि काय सोडायचं ते शेवटी: पाच.

मला सर्वात विलक्षण वाटतं ते पुढचं. या निरोपाला उत्तरच नाही. थांबलो, उशीर झाला, काहीच नाही. निरोप पोचण्याआधी निघालेले पटेल तरीही येऊन धडकतात. प्रोग्रामने ते मुकाट्याने टाकून द्यायचे. म्हणूनच पाच हा क्रमांक लगेच दुसऱ्या शोधाला द्यायचा नाही, नाहीतर जुने पटेल नव्या निकालात घुसतील.

शोधापुरतं हे मौन चालतं. पण एखादी नोंद पुसायला सांगून अबँडन पाठवलं, तर ती पुसली गेली की वाचली हे त्यातून कळत नाही. त्यासाठी २००४ मध्ये ‘कॅन्सल’ आलं. त्यात उत्तर मिळतं: रद्द झालं तर मूळ मागणीला ११८, उशीर झाला तर कॅन्सलला १२०.

एवढी सोय असूनही अनेक प्रोग्राम शोधाची खिडकी नुसती मिटतात. सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. जावात अशा याद्या विचारायला जेएनडीआय ही सोय वापरत असाल, तर निकालांची अर्धवट राहिलेली यादी ‘क्लोज’ करा. अबँडन त्यातूनच जातं.