बंद कॉम्प्रेसरला ऊब कशाला?

शीतखोलीचा कॉम्प्रेसर दोन दिवस बंद आहे. खोली रिकामी, पंखे थांबलेले. तरी कॉम्प्रेसरचा तळ कोमट लागतो आणि मीटर थोडं थोडं पुढे सरकतंच आहे. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं, कुठेतरी वीज गळतेय. मग कुणीतरी मेन स्विच पाडतं आणि तेवढंच बिल वाचलं म्हणून खूश होतं.

ती ऊब मुद्दाम दिलेली असते. देणाऱ्या वस्तूचं नाव क्रँककेस हीटर. माझं पीएचडीचं काम कॉम्प्रेसरमधलं तेल आणि रेफ्रिजरंट, म्हणजे मेकॅनिक ज्याला नुसतं 'गॅस' म्हणतात तो, एकमेकांत कसे मिसळतात यावर आहे. त्यामुळे या छोट्याशा हीटरशी माझा रोजचा संबंध. तो नेमकं काय करतो, किती वीज खातो आणि ती कधी वाचवावी, हे आज सांगते.

गॅस तेलात जातोच कशाला?

कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल साठलेलं असतं. त्या भागाला क्रँककेस म्हणतात. यंत्र चालू असताना हे तेल बेअरिंगपर्यंत पोचतं आणि धातूवर धातू घासू देत नाही. रेफ्रिजरंटही त्याच बंद नळ्यांमधून फिरत असतो, त्यामुळे दोघांची गाठ पडणारच. यंत्र चालू असताना ही भेट थोडक्यात आटपते. अडचण होते ती यंत्र थांबल्यावर, आणि तिला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण तापमान. रेफ्रिजरंटचा दाब त्याच्या तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा रेफ्रिजरंट २५ अंशांना साधारण ६.७ बार दाब देतो, आणि १० अंशांना ४.१ बार. समजा खोलीतलं कॉइल २५ अंशांवर आहे आणि बाहेर उघड्यावरचा कॉम्प्रेसर १० अंशांवर. मग वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, थंड लोखंडापाशी पोचते आणि तिथेच द्रव होऊन बसते. यंत्र बंद असलं तरी हा प्रवास रात्रभर चालू राहतो.

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी आठवा. बरणी काही बाकीच्या स्वयंपाकघरापेक्षा थंड नसते, तरी मिठाला पाणी सुटतं. मिठाच्या द्रावणावर पाण्याच्या वाफेचा दाब कमी असतो, म्हणून हवेतली वाफ तिथे ओढली जाते. तेल आणि रेफ्रिजरंटचं नेमकं तसंच आहे. रेफ्रिजरंट विरघळलेल्या तेलावरचा दाब शुद्ध रेफ्रिजरंटपेक्षा कमी असतो. म्हणून सगळी यंत्रणा एकाच तापमानाला असली तरी गॅस हळूहळू तेलाकडे सरकतो.

यावर घरोघरी काय करतात? मिठाची बरणी शेगडीजवळ ठेवतात. क्रँककेस हीटर म्हणजे तेलासाठी केलेला तोच उपाय.

थंडी किती, यापेक्षा फरक किती

'आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते?' हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. पण मुद्दा तेल बाकीच्या यंत्रणेपेक्षा गरम आहे की थंड, एवढाच आहे.

नाशिक जिल्ह्यातलं निफाड घ्या. द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल. म्हणजे बरेच महिने बंद राहिलेली शीतखोली नेमकी थंडीत सुरू करायची वेळ येते, आणि तेव्हा निफाडचा पारा रात्री दहाच्या खाली उतरलेला असतो. खोलीच्या भिंतींना जाड पफ पॅनेल, त्यामुळे आतली हवा उबदार राहते. कॉम्प्रेसर मात्र बाहेर पत्र्याखाली गारठतो. गॅसने कुठे जायचं ते ठरलेलंच.

सकाळी आणखी एक गोष्ट होते. ऊन आलं की कंडेन्सरच्या पातळ पत्र्या लगेच तापतात. कॉम्प्रेसर म्हणजे लोखंडाचा ठोकळा, तो तासन् तास थंडच राहतो. मग कंडेन्सरमधला रेफ्रिजरंटही उकळून कॉम्प्रेसरकडे निघतो. म्हणजे थंडी सरली असं वाटून आपण बटण दाबतो, ती वेळ यंत्रासाठी सगळ्यात वाईट असू शकते.

बटण दाबल्यावर

सोड्याची बाटली एकदम उघडली की काय होतं ते माहीत आहेच. कॉम्प्रेसर सुरू होताच क्रँककेसमधला दाब झपकन उतरतो आणि तेलात विरघळलेला रेफ्रिजरंट एकदम उकळून बाहेर येतो. तेलाचा फेस होतो. काचेची खिडकी असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये हा फेस डोळ्यांनी दिसतो. फेसाबरोबर तेल नळ्यांमध्ये निघून जातं. बेअरिंगला मिळतं ते रेफ्रिजरंटने पातळ झालेलं, वंगणाचा गुण गेलेलं मिश्रण.

काही तेल-रेफ्रिजरंट जोड्यांमध्ये तर थंडीत दोन थर वेगळे होतात. रेफ्रिजरंट जड, म्हणून तो खाली बसतो आणि तेल वर तरंगतं. तेलपंपाचं तोंड तळाशी. म्हणजे पंप पहिल्यांदा तेलाऐवजी रेफ्रिजरंटच उचलतो.

पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये याहून मोठा धोका आहे. द्रव सिलिंडरमध्ये शिरला तर तो वायूसारखा दाबला जात नाही, आणि व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या तुटतात. स्क्रोल कॉम्प्रेसर असा मारा थोडा जास्त सोसतो, पण बेअरिंगची झीज त्यालाही चुकत नाही.

खरा घात हा की एका दिवसात काही मोडत नाही. दरवेळी थोडी झीज होते आणि एके दिवशी कॉम्प्रेसर जाम होतो. नवा बसवला जातो, कारण तसंच राहतं, आणि पुढच्या हंगामात नवाही त्याच वाटेने जातो. तोवर खोलीत माल असेल तर नुकसान फक्त कॉम्प्रेसरचं राहत नाही.

हीटर कसा असतो

मुख्य प्रकार तीन. एक, कॉम्प्रेसरच्या तळाभोवती पट्ट्यासारखा आवळलेला. दोन, मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाच्या जागी खोबणीत घातलेली कांडी. तीन, वेगळा हीटर नाहीच, थांबलेल्या मोटरच्या वाइंडिंगमधूनच थोडासा करंट सोडायचा. कित्येक इन्व्हर्टर यंत्रांत हा तिसरा प्रकार असतो. तिथे कॉम्प्रेसर थांबलेला दिसला तरी वाइंडिंगमध्ये वीज असते, म्हणून झाकण उघडण्याआधी मेन स्विच पाडायलाच हवा.

तेल किती गरम ठेवायचं? सर्वसाधारण नियम असा की यंत्रणेतल्या कमी दाबाला रेफ्रिजरंट ज्या तापमानाला उकळतो, त्यापेक्षा तेल सुमारे १० अंशांनी वर असावं. फार तापवूनही चालत नाही, तेल करपतं. म्हणून हीटर मुद्दाम मंद असतो: लहान यंत्रांना ३० ते ७० वॅट, मोठ्यांना १००-२०० वॅटपर्यंत.

आदल्या दिवसापासून का?

उत्पादकांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की यंत्र बराच काळ बंद असेल तर सुरू करण्याआधी १२ ते २४ तास हीटर चालू ठेवा. हे वाक्य कुणी फारसं मनावर घेत नाही, म्हणून हिशोबच करू.

४० किलोचा कॉम्प्रेसर, दोन लिटर तेल, ७० वॅटचा हीटर. लोखंड आणि तेल १० अंशांनी तापवायला साधारण २२० किलोज्यूल लागतात, म्हणजे तासाभराच्या आत काम झालं. पण तेलात तीन किलो आर-१३४ए मुरला असेल तर तो उकळून बाहेर काढायला आणखी सुमारे ५४० किलोज्यूल हवेत. दोन्ही मिळून तीन तास. आणि हे तीन तास हीटरची सगळी उष्णता आतच राहिली असं धरून. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर जसजसा तापतो तसतशी उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि आत थोडीच उरते. तीनाचे बारा तास होतात ते असे.

मग बिलाचं काय?

४० वॅटचा हीटर दिवसरात्र चालला तर रोज जवळपास एक युनिट, वर्षाला ३५० युनिट. मालकाची तक्रार खोटी नाही. अमेरिकेत घरगुती सेंट्रल एसींसाठी २०१५ पासून बंद अवस्थेतल्या विजेवरही मर्यादा आहे, स्प्लिट प्रकाराला सरासरी ३० वॅट. आपल्याकडच्या एसीच्या स्टार लेबलमागचा हिशोब वर्षातल्या १६०० तासांच्या वापरावर बेतलेला आहे. उरलेल्या ७१६० तासांत यंत्र काय खातं, ते त्या ताऱ्यांत दिसत नाही. अर्थात प्रत्येक एसीत हा हीटर असतोच असं नाही. गरम-थंड दोन्ही करणाऱ्या आणि मोठ्या यंत्रांत तो जास्त आढळतो.

आमचं संशोधन इथेच येतं. हीटर कायम चालू ठेवणं म्हणजे पावसाळा संपला तरी मिठाची बरणी शेगडीजवळच ठेवण्यासारखं आहे. तेलाचं तापमान आणि क्रँककेसमधला दाब हे दोन आकडे माहीत असले तर तेलात किती रेफ्रिजरंट मुरू शकतो हे गणिताने काढता येतं. शिवाय गॅस मुरायला वेळ लागतो, यंत्र थांबल्या मिनिटाला तेल पातळ होत नाही. म्हणून फक्त बाहेरची थंडी न पाहता हा फरक आणि हा वेग पाहून हीटर चालू-बंद करायचा, अशी पद्धत मी अभ्यासते आहे. प्रोपेनसारख्या ज्वलनशील रेफ्रिजरंटच्या यंत्रांत हे आणखी महत्त्वाचं ठरतं. तिथे सुरक्षेसाठी गॅस मुळातच कमी भरतात, आणि त्यातला बराच तेलातच अडकला तर थंडावा कोण देणार?

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर

यंत्र थोडे दिवसच थांबवायचं असेल तर कंट्रोल स्विच बंद करा, मेन चालू राहू द्या. मेन पाडलात की हीटरही गेला.

हंगाम संपल्यावर महिनोन् महिने मेन बंद ठेवलात तरी हरकत नाही, वीज नक्की वाचवा. फक्त पुढच्या हंगामात एक दिवस आधी मेन चालू करा आणि कंट्रोल स्विच दुसऱ्या दिवशी लावा.

वीज दोन-तीन तास गेली तर लोखंडातली ऊब बहुतेक वेळा पुरते. रात्रभर गेली असेल तर आल्याबरोबर कॉम्प्रेसर आपोआप सुरू होऊ देऊ नका. कंट्रोल स्विच बंद ठेवा आणि हीटरला त्याचा वेळ द्या.

हीटर जिवंत आहे का, तेही बघा. तो जळला तरी यंत्र चालतच राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ७० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साधारण ०.३ अँपिअर घेतो. मेकॅनिकला क्लँप मीटर लावून तेवढं दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटचं म्हणजे, हीटरकडून सगळं मागू नका. यंत्र चालू असताना द्रव परत येत असेल तर तो दोष दुसरीकडे आहे. आणि रेफ्रिजरंट जास्त भरलेल्या मोठ्या यंत्रणेत हीटर एकटा पुरत नाही. तिथे थांबण्याआधी द्रवाच्या नळीतला व्हॉल्व्ह बंद करून गॅस रिसीव्हरमध्ये ओढून घेतात. त्याला पंप-डाउन म्हणतात, आणि पुढचा लेख त्यावरच लिहिते आहे.