वास्तुशास्त्र : दिशा सूर्याची, भिंत इमारतीची

सदनिकेचा ताबा मिळताच अनेक कुटुंबांत पहिली चर्चा होते ती दिशांची. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, देवघर ईशान्येला बसेल का आणि बसत नसेल तर कोणती भिंत हलवता येईल? यातील पहिले दोन प्रश्न परंपरेचे आहेत. तिसरा मात्र इमारतीच्या सुरक्षिततेचा आहे. म्हणूनच वास्तुशास्त्र काय सांगते आणि ते कोणत्या प्रकारच्या घरासाठी सांगते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

वास्तुविद्येचा विचार अनेक ग्रंथांत आढळतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. दक्षिणेत ‘मयमत’, माळव्यात अकराव्या शतकातील राजा भोजाचा ‘समरांगणसूत्रधार’, तर मेवाडात पंधराव्या शतकातील सूत्रधार मंडनाचे ग्रंथ प्रमाण मानले गेले. तपशील प्रदेशानुसार बदलतात, गाभा मात्र समान आहे. जागेवर ६४ किंवा ८१ चौकटींचे वास्तुपुरुषमंडल कल्पून त्यातील भाग देवतांना नेमून दिले जातात. मधला भाग म्हणजे ब्रह्मस्थान. तो शक्यतो मोकळा ठेवावा, असा संकेत आहे.

दिशा कशी ठरवत?

आज घरात होकायंत्र किंवा मोबाइल धरून दिशा पाहिली जाते. परंतु इमारतीतील लोखंडी सळ्या आणि लिफ्ट यांमुळे चुंबकसूची विचलित होऊ शकते. जुनी पद्धत सूर्यावर आधारलेली होती. सपाट जमिनीवर वर्तुळ आखून त्याच्या मध्यभागी शंकू, म्हणजे सरळ खुंटी, रोवत. सकाळी तिच्या सावलीचे टोक वर्तुळात शिरताना आणि दुपारनंतर बाहेर पडताना खुणा करत. या दोन खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दाखवते. अर्थात, शास्त्राला अभिप्रेत असलेली दिशा चुंबकाची नसून सूर्याची होती.

नियमांमागील हवामान

अनेक नियमांचा अर्थ याच सूर्याच्या मार्गात सापडतो. भारतात दुपारनंतरचे प्रखर ऊन पश्चिम आणि नैऋत्य बाजूंना तापवते. तेथील बांधकाम भारी ठेवल्यास आतील खोल्यांना उष्णता उशिरा जाणवते. ईशान्येकडून सकाळचा सौम्य प्रकाश मिळतो, म्हणून ती बाजू मोकळी. महाराष्ट्रातील वाड्याचा चौक असो वा केरळच्या नालुकेट्टूतील ‘नडुमुट्टम’, मध्यभागी खुले आकाश राहिल्याने प्रकाश येतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. ‘बृहत्संहिते’तील भूमिपरीक्षाही अशीच व्यावहारिक आहे : खड्डा खणून त्याच मातीने पुन्हा भरावा, माती उरली तर जमीन उत्तम, कमी पडली तर अनिष्ट. ही जमिनीच्या घट्टपणाचीच चाचणी होय.

मात्र सर्वच नियमांना असा आधार नाही. ग्रंथांनी वर्णानुसार घरांची मापे वेगवेगळी सांगितली आहेत. ती त्या काळच्या समाजरचनेची खूण आहे, हवामानाची नव्हे. दरवाजाच्या दिशेमुळे धनलाभ किंवा आजारपण येते, याला वैज्ञानिक पुरावा नाही.

सदनिकेचे वेगळे गणित

हे नियम स्वतंत्र भूखंडावरील घरासाठी घडले. बहुमजली इमारतीत एका सदनिकेची भिंत ही केवळ त्या कुटुंबाची नसते. स्तंभ आणि तुळया तर सोडाच, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या नव्या इमारतींत बहुतेक भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्याच भार पेलतात. अशी भिंत फोडल्यास संपूर्ण इमारत कमकुवत होऊ शकते. शौचालय वा स्वयंपाकघर हलवले, तर जलरोधक थर तुटून खालच्या घरात गळती होण्याची शक्यता असते. म्हणूनच बांधकामात बदल करण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला, तसेच गृहनिर्माण संस्थेची आणि स्थानिक प्राधिकरणाची आवश्यक ती परवानगी घ्यायला हवी.

श्रद्धेसाठी देव्हारा, पलंग किंवा कपाट हलवता येते. त्यासाठी हातोडा लागत नाही. ईशान्येची खिडकी सामानाने न झाकणे, पश्चिमेला पडदे किंवा छज्जा लावणे, घराचा मधला भाग मोकळा ठेवणे यांतूनही शास्त्राचा हेतू बराचसा साधतो. घर उजेडाचे, हवेशीर आणि सुरक्षित असावे, एवढेच त्या हेतूचे सार आहे.