शहराबाहेरचे प्लॉट आणि मुंबईतला कायदा

शेतात एके दिवशी चुन्याच्या रेघा पडतात, ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी लागते आणि वर्षा-दोन वर्षांत तेथे कॉलनी उभी राहते. शहर असे आपोआप वाढते, अशी आपली समजूत असते. माझ्या मते ते आधी मंत्रालयात वाढते आणि मग शेतात.

१९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार नगरपरिषद विकास आराखडा तयार करते; त्यास मंजुरी मात्र राज्य शासन देते. जमीन ‘शेती’ की ‘निवासी’, या एका शब्दावर तिचा भाव कित्येक पटींनी बदलतो. साहजिकच शहराच्या कडेची जमीन आधीच घेऊन ठेवणाऱ्याचे डोळे मुंबईकडे लागलेले असतात. त्याला निर्णय हवा असतो, आमदाराला निवडणुकीचा खर्च.

वसईचे उदाहरण बोलके आहे. १९८८ मध्ये शासनाने तेथील हरित पट्ट्याचे मोठे क्षेत्र बांधकामास खुले केले. हा निर्णय बिल्डरांच्या सोयीचा आहे, असा आक्षेप घेऊन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. इमारती आल्या, पाणी मागे राहिले.

दुसरे उदाहरण गुंठेवारीचे. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. मंजुरीवाचून शेत गुंठ्या-गुंठ्याने विकणे ही गुंठेवारी. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतचे असे प्लॉट शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. गरीब प्लॉटधारकास दिलासा मिळाला, हे योग्यच. परंतु शुल्क भरतो घर घेणारा. विकणारा केव्हाच पैसे घेऊन गेलेला असतो. शिवाय मुदत एकदा वाढली की पुढचा विक्रेता तिसऱ्या मुदतीची वाट पाहू लागतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकता येत नाही. १९७४ मध्ये आलेले हे कलम विधिमंडळाने केले. सैल करावयाचे तर तेही विधिमंडळ करू शकते. आणि जिल्ह्याचे चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

म्हणून मत मागावयास येणाऱ्यास रस्त्या-गटारीबरोबर हेही विचारले पाहिजे : जमिनीचा कायदा सभागृहात आला, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने बोललात?