मावळ्याच्या पायाखालची माती

दिवाळी जवळ आली की सात रस्ता परिसरातल्या गल्ल्यांतून पोरं विटा, दगड, गोणपाट गोळा करू लागतात. गंमत पाहा, सोलापूरचा आपला किल्ला भुईकोट. पण अंगणात उभा राहतो तो डोंगरी किल्लाच, राजगड नाहीतर प्रतापगड.

पहिली अडचण मातीची. आपली काळी माती वाळली की आकसते, भेगाळते. म्हणून तिच्यात वाळू, भुसा मिसळावा. दगडविटांच्या ढिगावर गोणपाट चिखलात बुडवून पसरावं. चुण्यांचे आपोआप कडे होतात. माती मुळातच गडद, हा आपला फायदा. ती वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका करडा रंग नुसता उंचवट्यांवरून फिरवावा. खडक उठून दिसतो. परदेशात टेबलावर चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळणारे हौशी लोक हेच करतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने तर १९१३ साली अशा खेळावर पुस्तकच लिहिलं!

हिरवळीसाठी अळीव चार दिवस आधी पेरावेत. तयार प्लास्टरचा किल्ला मला रुचत नाही. त्यात पोरांच्या हाताला काम काय?

पण बरेच किल्ले फसतात ते मावळ्यापाशी. 'चाचा, बघायला चला' म्हणून पोरं नेतात, तेव्हा मी आधी दरवाजा पाहतो. मावळा आत शिरेल एवढा तो हवा. आणि मावळ्याच्या पायाखालची चकती! ती उघडी राहिली की तो दुकानातलाच वाटतो. चकती मातीत दाबावी, वर किल्ल्याचीच माती भुरभुरावी, पायांनाही थोडी धूळ लावावी. मग तो पहाऱ्याला उभा राहतो.