कनातीपलीकडचा श्रोता

चैत्रात बेंगळुरूस जाण्याचा योग आला, तर एक सायंकाळ चामराजपेटसाठी अवश्य राखून ठेवावी. १८९२ साली आखून वसविलेल्या या जुन्या वस्तीत फोर्ट हायस्कूलचे पटांगण आहे, आणि श्रीरामसेवा मंडळीच्या रामनवमी संगीतोत्सवाचे नाव निघाले की दक्षिणेतील रसिकांच्या डोळ्यांसमोर तेच पटांगण उभे राहते. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी अगदी कोवळ्या वयात, १९३९ साली, या उत्सवाची मुहूर्तमेढ रोवली. एम. एस. सुब्बुलक्ष्मींसारख्या गायिकेचे गाणे येथे झाले. हा उत्सव एका रात्रीत आटोपणारा नव्हे. तो महिनाभर चालतो.

आत बसावयाचे तर तिकीट काढावे लागते. परंतु मांडव तो मांडवच! कनातीला नजर अडविता येते, सूर अडविता येत नाहीत. रस्त्याने जाणारा मनुष्य घटकाभर थबकतो, एखादे आवर्तन ऐकतो आणि पुढे जातो. त्याने एक पैसाही दिलेला नसतो. मग त्याने गवयाचे नुकसान केले काय? तसे म्हणणे धाडसाचे होईल. आज बाहेर उभा राहिलेला मनुष्य उद्या तिकीट काढून आत येण्याचा संभव असतो; ज्याच्या कानावर सूर पडलाच नाही, तो मात्र कधीच येणार नाही.

वाचकहो, आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू या. एका खोलीत मुलगी व्हायोलिनचा किंवा तबल्याचा रियाज करीत आहे आणि दुसऱ्या खोलीत तिचा धाकटा भाऊ मोबाईलवर खेळ खेळत बसला आहे, हे दृश्य आपल्या परिचयाचे असेल. पहिलीचे कौतुक होते, दुसऱ्याला बोलणी बसतात. ती बोलणी अगदीच अनाठायी आहेत असे मी म्हणणार नाही. (पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५च्या कायद्याने आपल्याकडे बंदीच आली आहे, त्यांचा येथे विचार नाही.) परंतु त्या मुलाच्या कानांत तासन्‌तास जे संगीत वाजत असते, ते कोणीतरी रचले आहे आणि कोणीतरी वाजविले आहे, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? त्या मुलीसारख्याच एखाद्या कलावंताचे ते काम आहे. खेळ ही आजच्या काळातील कनात आहे, आणि तिच्यापलीकडे उभे असलेले श्रोते मोजता येणार नाहीत इतके आहेत.

अगदीच मोजता येत नाहीत असे नाही. २३ एप्रिल २०२० रोजी, जगातील बहुतेक सभागृहांना टाळे लागलेले असताना, ट्रॅव्हिस स्कॉट या अमेरिकन गायकाने ‘फोर्टनाइट’ नावाच्या खेळाच्या आत आपला कार्यक्रम केला. जेमतेम दहा मिनिटांचा तो कार्यक्रम! पण एकाच वेळी तो पाहणारांची संख्या एक कोटी तेवीस लाखांवर गेली. हा खेळ फुकट मिळतो. खेळाडू आपल्या बाहुल्याला जे पोशाख विकत घेऊन चढवितात, त्यांतून मालकाची कमाई होते. गायकाच्या रूपाचे पोशाखही त्या वेळी विक्रीस होते. ऐकणे फुकट, आणि ज्याला जवळ यावेसे वाटते त्याला तिकीट, असा हा मांडवाचाच हिशेब झाला.

आपण म्हणाल, ही बड्यांची उदाहरणे. आमच्या गल्लीतील व्हायोलिनवादकाला त्यांचा काय उपयोग? तर केविन मॅक्लाउड या अमेरिकन संगीतकाराकडे पाहावे. आपल्या शेकडो रचना त्याने लोकांना मोफत वापरावयास दिल्या. अट एकच: माझे नाव लिहा. ज्याला नाव लिहावयाचे नसेल त्याने पैसे देऊन परवाना घ्यावा. अंतराळयाने बांधण्याच्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गाजलेल्या खेळात त्याचेच संगीत आहे. फुकट दिल्याने तो अज्ञात राहिला नाही. उलट त्याचे नाव जगभर झाले.

आपल्याकडे नव्या माध्यमाविषयीचा संकोच जुना आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली आणि थोर शिष्य घडविले. १९२२ साली ते निवर्तले, तेव्हा ध्वनिमुद्रिका आपल्या देशात येऊन वीस वर्षे झाली होती. तरीही बुवांचा स्वर आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. ही हळहळ मनात असल्यामुळेच मी नव्या यंत्राला एकदम नाक मुरडीत नाही.

पुण्याचे नाव निघालेच आहे, तर ‘राजी’ या खेळाचा उल्लेख करावयास हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तो २०२० साली प्रसिद्ध केला. आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा असून तिची पार्श्वभूमी संपूर्ण भारतीय आहे. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिले आणि ते चांगलेही झाले आहे. तरी मनात येते, की अशा कामासाठी पुणे-बेंगळुरूच्या कलावंतांनी आपण होऊन पुढे व्हावे.

कारण या कामाला आपले संगीत फार अनुकूल आहे. चित्रपटातील प्रसंग किती वेळ चालणार हे संगीतकाराला ठाऊक असते. खेळात ते कोणालाच ठाऊक नसते. खेळाडू एखाद्या दारापाशी दोन पळे थांबेल, किंवा अर्धा तास घुटमळेल. म्हणून संगीत असे हवे, की ते कितीही वेळा फिरून आले तरी सांधा जाणवू नये. आपल्या तालाचे आवर्तन म्हणजे दुसरे काय? आदितालाच्या आठ मात्रा पुऱ्या झाल्या की पुन्हा सम येते आणि कानाला खटकत नाही. शिवाय संकट जवळ आले की संगीताने चढावे, टळले की उतरावे, अशी खेळात योजना असते. त्यासाठी तंबोरा, मृदंग, व्हायोलिन हे निरनिराळे ध्वनिमुद्रित करून थरांसारखे एकमेकांवर ठेवतात आणि यंत्र प्रसंगानुसार थर वाढविते किंवा काढते. आपला षड्ज एकदा लावला की शेवटपर्यंत हलत नाही. त्यामुळे एकाच रागातील आलापीचा तुकडा द्रुत लयीतील तुकड्याला जोडणे तितकेसे अवघड जात नाही. विलंबितापासून द्रुतापर्यंत पायरीपायरीने चढत जाणे, हे तर आपल्या मैफलीचे नित्याचेच काम आहे.

परंतु सूर देताना कागद नीट वाचला पाहिजे. हेवन सेव्हन्टीन या ब्रिटिश वाद्यवृंदाचे मार्टिन वेअर यांनी २०२४ साली जाहीरपणे सांगितले, की एका जगप्रसिद्ध खेळाच्या आगामी भागासाठी त्यांच्या गाण्यापोटी प्रत्येक रचनाकारास साडेसात हजार डॉलर देऊ करण्यात आले होते, आणि त्यानंतर कायमचे काहीच मिळावयाचे नव्हते. त्यांनी नकार दिला. नामांकित मनुष्य नकार देऊ शकतो. नवख्याला तो जड जातो. मुदतीचा करार कसा असतो हेही पाहण्यासारखे आहे: २००८ साली निघालेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या चौथ्या भागातील कित्येक गाणी, परवान्यांची मुदत संपल्यामुळे, २०१८ साली काढून टाकावी लागली. मुदत संपली की मालकाला पुन्हा विचारावे लागते, हाच त्यातील कलावंताचा लाभ. ख्रिस्टोफर टिन यांचे ‘बाबा येतू’ हे गीत २००५ साली एका खेळासाठी रचले गेले. तेच पुढे २००९ साली त्यांच्या स्वतःच्या संग्रहात आले आणि २०११ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. खेळासाठी रचलेल्या संगीताला मिळालेले ते पहिले ग्रॅमी.

आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. हक्क दुसऱ्यास दिले तरी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा तिने बऱ्याच अंशी राखला आहे, आणि गायक-वादकांच्या कलाविष्काराचा व्यापारी वापर झाल्यास त्यांनाही रॉयल्टीचा हक्क दिला आहे. आपल्या करारास तो कसा लागू पडतो, हे जाणत्या वकिलास सहीपूर्वीच विचारावे. सहीनंतर विचारण्यात अर्थ नसतो. मोबदला एकरकमी की विक्रीच्या प्रमाणात, मुदत किती वर्षांची, तीच रचना मैफलीत वाजविण्याची व स्वतंत्रपणे विकण्याची मोकळीक आहे की नाही, आणि खेळाच्या नामावलीत कलावंताचे नाव कोठे येणार, एवढे तरी लेखी असावे.

ती नामावली बहुतेक खेळांत शेवटी येते आणि बहुतेक मुले ती न पाहताच खेळ बंद करतात. आज रात्री आपल्या मुलाला ती उघडावयास सांगा, त्याच्या बहिणीलाही शेजारी बसवा आणि संगीत कोणाचे आहे ते तिघांनी मिळून वाचा.