लपून राहिलात तर काय बिघडतं?

लेखांक सहावा

मागच्या लेखांकात १९५१च्या निर्वासितविषयक कराराची पाच कारणं आपण पाहिली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व. लैंगिक कलाचा उल्लेख त्यात कुठेही नाही. समलिंगी माणसांना आश्रय मिळतो तो बहुधा ‘सामाजिक गट’ या कारणाखाली, आणि तोही अर्थ न्यायालयांना एकेका खटल्यातून लावावा लागला. अमेरिकेत १९९० साली एका क्यूबन माणसाच्या बाबतीत तो लागला. समलिंगी म्हणून क्यूबात सरकारदरबारी त्याची नोंद होती आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याला चौकशीसाठी हजर राहावं लागे. १९९४ साली तो निकाल पुढच्या प्रकरणांसाठी बंधनकारक ठरवण्यात आला.

गट मान्य झाला तरी अर्ज फेटाळायला एक कारण उरलंच होतं: मायदेशी परत जा आणि जपून राहा, म्हणजे कोणी त्रास देणार नाही.

बांगलादेशातून ऑस्ट्रेलियात आलेल्या दोन पुरुषांना हेच ऐकावं लागलं. ते जोडीदार आहेत हे न्यायाधिकरणानं मान्य केलं होतं. मायदेशी ते कुणाच्या डोळ्यावर न येता एकत्र राहिले, पुढेही तसेच राहतील, मग धोका कसला, असा त्या निर्णयाचा सूर होता. डिसेंबर २००३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो निर्णय रद्द केला. ही माणसं गुपचूप का राहिली, हे न्यायाधिकरणानं विचारलंच नव्हतं. जीव वाचवायला लपलेला माणूस सुरक्षित असतो असं कसं म्हणायचं? बांगलादेशात आजही इंग्रजी अमदानीतलं ३७७ कलम लागू आहे. तेच कलम आपल्याकडे प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांनाही २०१८पर्यंत गुन्हा ठरवत होतं. एप्रिल २०१६मध्ये ढाक्यात ‘रूपबान’ या समलिंगींच्या मासिकाचे संपादक झुल्हाज मन्नान यांची त्यांच्या घरात घुसून हत्या झाली. त्यांच्यासोबत त्यांचा मित्रही मारला गेला.

ब्रिटनमध्ये ही लढाई २०१०पर्यंत चालली. एक अर्जदार इराणचा, दुसरा कॅमेरूनचा. कॅमेरूनच्या माणसाला शेजाऱ्यानं जोडीदाराचं चुंबन घेताना पाहिलं, जमावानं त्याला बडवलं आणि पोलिस आले ते मारायलाच. तरीही त्याला उत्तर मिळालं की देशात दुसरीकडे जाऊन जपून राहा. ७ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही कसोटीच मोडीत काढली. निकालपत्रात ॲन फ्रँकचा दाखला आहे: माळ्यावर लपता येत होतं म्हणून तिला छळाची भीती नव्हती, असं कोण म्हणेल? ज्या हक्कासाठी आश्रय मागायचा तोच सोडून दे, असं अर्जदाराला सांगता येणार नाही, हा या निकालाचा गाभा. युरोपीय संघाच्या न्यायालयानंही २०१३ साली हीच भूमिका घेतली.

पण ब्रिटनच्या निकालात एक रेघ आहे आणि ती मला खटकते. अर्जदार छळाच्या भीतीनं लपणार असेल तर तो निर्वासित. केवळ आईवडिलांना दुःख नको किंवा लोक काय म्हणतील म्हणून लपणार असेल, तर नाही. आपल्यासारख्या कुटुंबांत या दोन गोष्टी इतक्या सुट्या असतात का? पहिला हात अनेकदा घरातल्याच माणसाचा उठतो. कोंडून घालणं, जबरदस्तीनं लग्न लावणं हे सगळं ‘लोक काय म्हणतील’ याच वाक्याच्या आडोशानं होतं. ते छळातच मोजायला हवं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनाही घरच्यांकडून होणाऱ्या हिंसेची दखल घेतात.

‘लपून राहा’ म्हणणं अवघड झालं, तसा सगळा भार दुसऱ्या प्रश्नावर आला: तुम्ही समलिंगी आहात हे खरं कशावरून? या प्रश्नापायी माणसांची जी विटंबना झाली ती वाचवत नाही. नेदरलँड्समधल्या तीन अर्जदारांच्या प्रकरणात २ डिसेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाला सांगावं लागलं की शय्यागृहातले तपशील विचारू नका, शारीरिक चाचण्या घेऊ नका, खासगी चित्रफिती पुरावा म्हणून स्वीकारू नका, अर्जदारानं स्वतःहून पुढे केल्या तरीही. हंगेरीत एका नायजेरियन माणसाला मानसशास्त्रज्ञानं पावसातल्या माणसाचं चित्र काढायला लावलं होतं. अशा चाचण्यांवर निर्णय बेतता येणार नाही, हे २०१८ साली ठरलं.

२०१४च्याच निकालातली आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष मुलाखतीत फार मोलाची आहे: अर्जदारानं पहिल्याच वेळी आपला लैंगिक कल सांगितला नाही, एवढ्यावरून त्याला खोटं ठरवता येत नाही. समोर परक्या देशाचा अधिकारी आणि शेजारी आपल्याच भाषेचा, कदाचित आपल्याच गावाकडचा दुभाषी बसलेला असतो. आयुष्यभर आईलाही न सांगितलेली गोष्ट तिथे मोठ्यानं बोलायची असते. अर्जदाराला दुभाषी बदलून मागता येतो, हे त्याला आत जाण्याआधीच कुणीतरी सांगायला हवं.